संगणक एक, बसणारे बारा : परवान्यांचा हिशेब

नागपूरहून अमरावती रस्त्याला लागले की वाडी येते. ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे, रस्त्याकडेला उभे ट्रक, हे तिचे रोजचे रूप. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. तेव्हापासून इथल्या कार्यालयात संगणक बंद पडला की दारातला ट्रकही अडतो. या भागातल्या कार्यालयांचे संगणक पाहताना गेल्या काही वर्षांत मला एक नवी मांडणी दिसू लागली आहे. टेबलावर फक्त पडदा, कीबोर्ड आणि वहीएवढा डबा. खरे काम चालते ते आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर किंवा भाड्याने घेतलेल्या दूरच्या यंत्रावर. याला आभासी डेस्कटॉप म्हणतात. ही मांडणी करताना मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मशीन एकच, तर सॉफ्टवेअरचा परवानाही एकच लागेल ना?’ उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तसे का, हे समजले नाही तर पैसे दुप्पट जातात किंवा कायदा मोडला जातो.

आभासी डेस्कटॉपवर कारकून बिल्टी टंकतो तेव्हा त्याच्या बोटांचे ठोके सर्व्हरकडे जातात आणि तिथल्या पडद्याचे चित्र त्याच्याकडे येते. कल्पना जुनी आहे. एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडून वेळ वाटून घेण्याची पद्धत साठ-सत्तरच्या दशकात रूढ झाली होती. आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावायला सुरुवात केली. विंडोजची अनेकांनी एकदम वापरायची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये आली. एक यंत्र अनेकांनी वापरायचे ठरले, की मोजायचे काय हा प्रश्न आलाच.

मुळात आपण विकत काय घेतो? हा दिवाळी अंक तुमच्या मालकीचा आहे. वाचून शेजाऱ्याला द्या किंवा रद्दीत घाला. सॉफ्टवेअरचे तसे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय आज्ञावली ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत बसते; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती आणि कविता एकाच पंगतीतल्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी ठरवले, की तबकडीवर तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी, इंजिनिअरिंग अॅनालिसिस या खटल्यात, त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली : वापरणाऱ्याला परवान्यातून कॉपीराइट मिळत नाही, मर्यादित वापराची मुभा मिळते. ही मुभा कोणाला, कुठे आणि किती काळ, हे करारात लिहिलेले असते. यंत्रे किती, हा त्यातला फक्त एक भाग.

आता हिशेब करू. समजा, वाडीतल्या एका कार्यालयात चार टेबले आहेत आणि तीन पाळ्यांत मिळून बारा कारकून बसतात. शिवाय एक व्यवस्थापक आहे. तो कार्यालयातला संगणक, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल या तिन्हींवरून काम पाहतो. विंडोज सर्व्हरवर दूरून काम करायला सर्व्हरचा नेहमीचा प्रवेश-परवाना आणि त्याखेरीज रिमोट डेस्कटॉपचा प्रवेश-परवाना लागतो. दोन्ही दोन प्रकारांत मिळतात : माणशी किंवा उपकरणामागे. कारकुनांसाठी उपकरणे मोजली तर चार परवाने पुरतात. माणसे मोजली तर बारा लागतात. व्यवस्थापकाचे उलटे : माणूस मोजला तर एक, उपकरणे मोजली तर तीन. म्हणून पाळीच्या जागांना उपकरणाचा परवाना आणि फिरत्या माणसाला माणशी परवाना, हे गणित सोयीचे पडते.

इथेच एक फसगत होते. रिमोट डेस्कटॉपची सेवा बसवल्यावर पहिले १२० दिवस हे परवाने नसले तरी ती चालते. सगळे सुरळीत दिसते, बसवणारा पैसे घेऊन जातो आणि चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच आत शिरता येत नाही. यंत्र बिघडलेले नसते, फक्त मुदत संपलेली असते. सर्व्हरवर विनापरवाना मिळणारी दोन सत्रे देखभालीपुरती असतात. त्यांत बसून बिल्ट्या काढणे करारात बसत नाही.

सर्व्हरवरचे वर्ड आणि एक्सेल हा पुढचा थर. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची सदस्यता सहसा नावानिशी असते. एका माणसाला ती पाच संगणकांवर बसवता येते. पण सामायिक सर्व्हरवर हे पाचाचे गणित चालत नाही. तिथे ‘सामायिक संगणक सक्रियता’ नावाची वेगळी सोय लागते. ती असली की जो माणूस आत येतो त्याच्या नावाची तात्पुरती खूण तयार होते. ती थोड्या दिवसांची असते आणि इंटरनेटवरून नवी होत राहते. ही सोय बिझनेस प्रीमियम योजनेत आहे, तिच्याहून स्वस्त बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. दोन्हींत वर्ड-एक्सेल तेच, त्यामुळे मालक साहजिकच स्वस्त योजना घेतो आणि सर्व्हरवर ती सक्रिय होत नाही.

शिवाय इथे टेबले मोजून चालत नाही. बारा कारकुनांना बारा सदस्यता लागतात. मग ‘ऑफिस’ नावाचे एकच खाते काढून तिन्ही पाळ्यांत फिरवायची युक्ती निघते. करार तर मोडतोच, पण नुकसान आणखीही आहे : रात्री अडीच वाजता चुकीची नोंद कोणी केली हे कधीच कळत नाही आणि संशय मात्र बाराही जणांवर येतो. ज्याचे त्याचे खाते असणे ही कारकुनाचीही ढाल आहे.

प्रत्येकाला सर्व्हरवरचे सत्र न देता पूर्ण वेगळे आभासी विंडोज दिले, तर त्या विंडोजपर्यंत पोहोचण्याचा हक्कही घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे क्लाउडची केंद्रे सुरू केली. तिथली यंत्रे भाड्याने घेता येतात, पण हिशेबाच्या दोन तऱ्हा आहेत. अॅझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये माणसाचा परवाना वेगळा आणि यंत्र चालू राहील तितक्या वेळाचे भाडे वेगळे. रात्री यंत्र बंद करायचे राहिले तर मीटर चालूच. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ३६५ मध्ये माणशी ठरलेली मासिक रक्कम असते, काम कमी असो की जास्त.

एकदा विकत घेऊन दहा वर्षे वापरण्याचे दिवस सरत चालले आहेत. अडोबीने २०१३ मध्ये सदस्यतेची वाट धरली. आभासी यंत्रांच्या क्षेत्रातली मोठी कंपनी व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि त्याच वर्षाअखेर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. सदस्यतेचा फायदा खरा आहे : सुधारणा आपोआप मिळतात, हंगामात माणसे वाढली की परवाने वाढवता येतात. मात्र वर्षाची बांधिलकी घेतली असेल तर हंगाम सरल्यावर ते मधेच कमी करता येत नाहीत. पैसे भरणे थांबले की मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या फायली उघडतात, छापता येतात, पण त्यांत दुरुस्ती होत नाही. वही तुमची, लेखणी भाड्याची.

साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो. आतली फाइल बदलून चौघांना बसवून देणारे कारागीर सापडतात. पण बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिनक्स आणि लिब्रेऑफिस हा सरळ पर्याय आहे. तिथे डोकी मोजावी लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे मराठीतले धडे विनामूल्य मिळतात. अडचण एवढीच, की बहुतेक कार्यालयांचा जीव टॅलीत असतो आणि टॅली विंडोजवर चालते. त्यामुळे हिशेबनिसाला विंडोज आणि फक्त ब्राउझर वापरणाऱ्याला लिनक्स, अशी वाटणी पुष्कळदा परवडते.

तेव्हा विक्रेत्याकडून दरपत्रक मागवण्याआधी एका कागदावर लिहून काढावे : माणसे किती, टेबले किती, एका वेळी कितीजण बसतात, बाहेरून कोण काम करते आणि कोणते काम एक दिवसही थांबून चालणार नाही. मग दरपत्रकातल्या प्रत्येक ओळीपुढे विचारावे, की ही ओळ यांतले नेमके काय मोजते. ज्या ओळीचे उत्तर विक्रेत्याला देता येत नाही, ती ओळ विकत घेऊ नये.