टाकी शेवटची कधी उपसली?

लोणचं कधी घातलं, गॅसचं सिलिंडर कधी लावलं, सारं आपल्याला तोंडपाठ असतं. पण संडासची टाकी शेवटची कधी उपसली, असं विचारलं की आपण यजमानांकडे बघतो, आणि यजमान आढ्याकडे!

छोट्या गावांतून बहुतेक घरांची भिस्त सेप्टिक टँकवरच असते. मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. तळाचा गाळ वाढत गेला, की टाकीत जागाच उरत नाही. मग मैला तसाच गटारात जातो. आपल्या किनवटला गटाराची वाट अखेर पैनगंगेकडेच जाते. खालच्या अंगाला कुणी मायबाई त्याच नदीवर धुणं धूत असते, हे आपण विसरतो.

कृष्णाकाठच्या वाई गावानं यावर चांगला तोडगा काढला. २०१८ पासून तिथल्या नगरपालिकेनं दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी पाळीपाळीनं उपसायची आणि गाळावर केंद्रात प्रक्रिया करायची, अशी पद्धत बसवली. खर्चासाठी घरपट्टीबरोबर थोडा स्वच्छता कर. तुंबण्याची वाट बघायची नाही! २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या गावांच्या सांडपाण्याचाही विचार झाला. पण केंद्र कितीही चांगलं असलं, तरी गाळ तिथवर पोचायला तर हवा ना?

म्हणून मैत्रिणींनो, एवढं कराच :

● टाकी उपसल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा उपसून घ्या.

● टाकीच्या झाकणावर फरशी बसवू नका.

● तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. पॅड, प्लॅस्टिक संडासात टाकू नका.

● ॲसिड, फिनाईल बेताबेतानं वापरा. मैला कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. पैसे वाचवायला माणसाला टाकीत कधीही उतरवू नका. आतल्या विषारी वायूनं क्षणात जीव जातो. संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. नगरपालिकेची उपसा गाडीच बोलवा. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो, बाई!