डोळ्यांची साथ आणि आपले हात

‘आलेल्या डोळ्यांकडे पाहूं नये, पाहिल्यास आपलेही डोळे येतात,’ ही समजूत निगडींत काय किंवा इतरत्र काय, घरोघर ऐकूं येते. ती खरी असती तर काळा चष्मा लावून भागलें असतें. परंतु हा रोग नजरेनें पसरत नाहीं. तो बहुधा हातांनीं पसरतो.

२०२३ सालच्या जुलै महिन्यांत आपल्याच जिल्ह्यांतील आळंदी येथें डोळ्यांची मोठी साथ आली. हजारों लोकांस, विशेषेंकरून शाळकरी मुलांस, तिचा उपद्रव झाला. आणि पाहतां पाहतां ती राज्यांत इतरत्रही दिसूं लागली. १९७१ सालींही मुंबई व कलकत्ता या शहरांत अशीच साथ उसळली होती.

साथींत डोळे येण्याचें कारण बहुधा विषाणु असतो. तो डोळ्यांतून पाझरणाऱ्या पाण्यांत असतो. मुलगा डोळा चोळतो व त्याच हातानें बाक, पेन, नळाची तोटी धरतो. दुसरा तेथेंच हात लावून तो नकळत आपल्या डोळ्याकडे नेतो. कांहीं विषाणु कोरड्या वस्तूंवरही अनेक दिवस टिकतात. काळ्या चष्म्यानें उजेडाचा त्रास कमी होतो, इतकेंच.

म्हणून हात वारंवार साबणानें धुवावे. डोळे चोळूं नयेत. पाणी स्वच्छ कापसानें टिपून तो कापूस टाकून द्यावा. टॉवेल, रुमाल, उशीचा अभ्रा, काजळ व औषधाची बाटली प्रत्येकाची निराळी असावी.

पालकांसही एक विनंति आहे. चांचणी बुडेल या भीतीनें लाल डोळ्यांचें मूल शाळेंत धाडूं नये. एकाची हजेरी राखण्यासाठीं वर्गांतील कित्येकांची हजेरी बुडते. डोळे येणें हा अपराध नव्हे. तें लपविण्यानें मात्र इतरांचें नुकसान होतें.

हा रोग बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरा होतो. विषाणूवर प्रतिजैविक औषधें चालत नाहींत. डोळ्यांत मध, दूध घालूं नये. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कधींही नकोत. डोळा फार दुखल्यास, उजेड सहन न झाल्यास, अंधुक दिसूं लागल्यास किंवा तान्ह्या मुलाचे डोळे आल्यास डॉक्टरांकडे विनाविलंब जावें.

साथ आली असतां मित्राच्या डोळ्यांकडे पाहण्याचें भय बाळगूं नका. आपल्या हातांकडे मात्र अवश्य पाहा.