एका टीव्हीची चार बिलं

गटाच्या बैठकीत मी मधूनमधून एक प्रश्न विचारते : घरात टीव्हीला किती खर्च येतो? उत्तर लगेच येतं. कुणी म्हणतं अडीचशे, कुणी तीनशे, कुणाकडे डिशचं साडेतीनशेचं रिचार्ज असतं. म्हणजे उत्तर येतं ते केबलचं किंवा डिशचं. मोबाईलच्या रिचार्जचं नाव कुणी घेत नाही, ॲपचं तर नाहीच नाही. पण मालिकेचा कालचा भाग दुपारी भाकरी थापता थापता आपण बघतो कशावर? मोबाईलवरच ना! मग तो खर्च टीव्हीचाच.

आज याच खर्चाबद्दल बोलायचं आहे. टीव्ही बंद करा, मालिका बघू नका, असलं मी काही सांगणार नाही. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईने संध्याकाळी तासभर टेकून काही बघितलं तर त्यात वाईट काय? ज्यांना ती चैन वाटते त्यांनी एक दिवस तिच्याबरोबर खुरपणीला जावं. आपला मुद्दा वेगळा आहे. जे बघतो त्याचेच पैसे द्यायचे, आणि जे बघत नाही त्याचे कुणी परस्पर घेऊ नयेत, एवढाच.

आधी हिशोब करू. एक घर धरा. केबलचे महिन्याला ३०० रुपये. घरात दोन मोबाईल, दोन्हींना २९९ चं रिचार्ज. शिवाय वर्षाला ४९९ चं एक ॲप. केबलचे वर्षाचे झाले ३,६०० रुपये. मोबाईलला मात्र बाराने गुणू नका. ते रिचार्ज महिन्याचं नसतं, २८ दिवसांचं असतं. २८ दिवसांचे महिने वर्षात तेरा बसतात. म्हणजे २९९ गुणिले तेरा, एका मोबाईलचे ३,८८७ आणि दोन्हींचे मिळून ७,७७४. त्यात केबल आणि ॲप मिळवलं की ११,८७३ रुपये होतात. मोबाईल काही फक्त टीव्हीसाठी नसतो, हे खरं. पोरांचा अभ्यास असतो, गटाचे निरोप असतात. पण डेटा संपतो तो बहुतेक वेळा बघण्यातच. आणि याच घरातली बाई गटात महिन्याला २०० रुपये बचत भरते, वर्षाचे २,४०० होतात. पंचसूत्रीत हिशोब लेखन आहे म्हणून गटाची वही आपण पै-पैची लिहितो. घरातले हे बारा हजार मात्र कुठल्याच वहीत नसतात, कारण ते एकदम जात नाहीत. वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या हातांनी थोडे थोडे जातात.

हे वाढतंय का? वाढतंय. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानेही त्याच आठवड्यात दर वाढवले. ॲपचंही तेच. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने मोबाईलवर फुकट दिसत होते. घराघरांतल्या पोरांना सवय लागली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि पॅक सुरू झाले : मोबाईलवर जाहिरातींसह बघायचं तर तीन महिन्यांचे १४९. ॲमेझॉन प्राइम २०१६ साली आलं तेव्हा वर्षाला ४९९ होतं, २०२१ च्या डिसेंबरात ते १,४९९ झालं आणि जून २०२५ पासून त्यात जाहिराती येऊ लागल्या. जाहिरात नको असेल तर वर पैसे भरा. सगळ्यांनीच वाढवले असंही नाही, नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये दर उतरवले होते. पण एकूण चाल कळते : आधी फुकट द्यायचं, सवय लागू द्यायची आणि मग पैसे मागायचे.

यामागे कारणही आहे. आयपीएल दाखवण्याचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढा पैसा कुणाकडून तरी वसूल होणारच. दुसरीकडे डिश घेणारी घरं कमी होत चालली आहेत. २०२० च्या सुमारास देशात सात कोटींच्या आसपास डिश चालू होत्या, २०२५ मध्ये त्या सहा कोटींच्याही खाली आल्या. गिऱ्हाईक कमी झालं की राहिलेल्यांवर भार वाढतो, एसटीतले प्रवासी कमी झाल्यावर होतं तसंच.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. केबल आणि डिशच्या दरांवर ट्राय नावाच्या सरकारी संस्थेची नजर असते. तिने २०१९ पासून नियम केला की ग्राहकाला एकेक चॅनेल सुटं निवडता आलं पाहिजे आणि प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर असली पाहिजे. तेव्हा ज्यांनी वेळेत निवड केली नाही त्यांना कंपन्यांनी ‘बेस्ट फिट’ म्हणून आपल्या अंदाजाने पॅक लावून दिला. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी आजही दुसऱ्याने निवडलेलाच पॅक चालू आहे. त्यात कुठल्या कुठल्या भाषांचे सिनेमे आहेत, आणि ते चॅनेल घरात कुणी कधी लावलेलं नाही.

बिलाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे जोडणीचं शुल्क. त्याला एनसीएफ म्हणतात. चॅनेल कुठलंही घ्या, ते द्यावंच लागतं. त्यात दूरदर्शनची आणि इतर मोफत चॅनेल येतात. पूर्वी २०० चॅनेलपर्यंत त्याची कमाल मर्यादा १३० रुपये होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढून टाकली, म्हणून आता आपल्याकडे तो आकडा किती आहे हे केबलवाल्या दादांना विचारूनच घ्यावं लागतं. दुसरा भाग पैशाच्या चॅनेलांचा. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो.

पैशाची चॅनेल दोन प्रकारे मिळतात : सुटी किंवा मोळी बांधून. त्या मोळीला ‘बुके’ म्हणतात. मोळीत घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. आणि सगळ्यांच्या बेरजेवर कंपनी जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देऊ शकते. म्हणजे १०० रुपयांची चॅनेल मोळीत ५५ ला मिळू शकतात. ऐकायला स्वस्त वाटतं. पण त्यातली तुम्ही बघता तीनच आणि त्यांची बेरीज ४० असेल, तर ५५ कशाला द्यायचे? उलट पाच बघत असाल आणि त्यांची बेरीज ७० होत असेल, तर मोळीच घ्या. म्हणून मी ‘सुटं घ्या’ असं सरसकट सांगत नाही. बाजारात मेथीची जुडी घेताना आपण बघतो ना, घरात माणसं किती आहेत ते, तसंच बघायचं.

एक उदाहरण करून बघू. घरात चार पैशाची चॅनेल बघितली जातात. चारही सगळ्यात महाग, म्हणजे प्रत्येकी १९ ची धरली तरी ७६ रुपये. जोडणीचे १३० धरले तर २०६. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७ रुपये ८ पैसे. एकूण २४३ रुपये ८ पैसे. त्याच घरात आज ३०० जात असतील तर महिन्याला जवळपास ५७ रुपये वाचतात. वर्षाचे पावणेसातशेच्या वर गेले की!

यादी करताना घरातल्या सगळ्यांना बसवा आणि आठवडाभर कोण काय बघतं ते लिहा. इथे एक गोष्ट मला दिसलेली आहे. खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री आईच्या मालिकेच्या चॅनेलला लागते आणि खेळाची चॅनेल तशीच राहतात. कारण रिमोट आणि रिचार्ज दोन्ही बाप्यांच्या हातात. क्रिकेटला माझा विरोध नाही, मीही बघते. पण बाराही महिने खेळाची चॅनेल कशाला? स्पर्धा असेल तेव्हा जोडायची, संपली की काढून टाकायची. तो हक्क आपल्याला आहे.

आणखी एक हक्क फारसा कुणाला माहीत नाही. घर काही दिवस बंद राहणार असेल तर जोडणी तात्पुरती थांबवायला सांगता येतं. किमान पंधरा दिवसांसाठी तरी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे जरूर करावं. दिवाळीनंतर कुलूप लावून गेलात आणि कळवलं नाही, तर परत आल्यावर पाच-सहा महिन्यांची बाकी दाखवली जाते. जायच्या आधी कळवा, कळवल्याची तारीख लिहून ठेवा. दर महिन्याची पावती मागायचीच. ‘ताई, आपल्यात कशाला पावती?’ असं दादा म्हणतील. आपल्यातच तर जास्त लागते.

मोबाईलचं थोडक्यात सांगते. ज्यांना फक्त बोलायला फोन लागतो, म्हणजे घरातल्या सासूबाई, मामंजी, त्यांच्या फोनला डेटाचं रिचार्ज मारू नका. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवायला सांगितलं आहे. दुकानदार तो आपणहून दाखवत नाही, नाव घेऊन मागावा लागतो. तसंच २८ ऐवजी ३० दिवसांचा एक तरी पॅक प्रत्येक कंपनीने ठेवला पाहिजे, हाही नियम २०२२ पासून आहे.

आता चौथं बिल. हे सगळ्यात घातक, कारण ते दिसतच नाही. त्याचं नाव ऑटोपे.

मोबाईलवर जाहिरात येते : फक्त एका रुपयात मालिका, सिनेमे बघा. एक रुपया म्हणजे काहीच नाही. आपण बटण दाबतो, यूपीआयचा पिन टाकतो. पण तो पिन नुसता एक रुपया देण्याचा नसतो. ‘यापुढे ठरावीक दिवसांनी माझ्या खात्यातून पैसे काढत जा’ ही परवानगी असते. पानावर ती बारीक अक्षरात, बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिलेली असते. काही दिवसांनी २९९ रुपये जातात, पुढच्या महिन्यात परत जातात. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा रकमेला दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही.

आमच्या भागातल्या एका गटात हेच झालं. ताईंच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार आले. त्यांनी ते गटाच्या हप्त्यासाठी धरले होते. काढायला गेल्या तर बाराशेच! हप्ता अपुरा पडला, बैठकीत चार जणींसमोर मान खाली घालावी लागली. घरात पोराला ओरडा बसला, शेजारणीवरही संशय गेला. बँकेचं पासबुक भरून आणल्यावर कळलं की दोन महिने एक ॲप पैसे नेत होतं. पोराने ते ॲप कधीच काढून टाकलं होतं. पण मैत्रिणींनो, हे नीट ऐका : ॲप मोबाईलमधून काढल्याने ऑटोपे बंद होत नाही.

ते बंद कसं करायचं? ज्या ॲपवरून तुम्ही पैसे पाठवता, फोनपे असो की गुगलपे, ते उघडा. कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं अक्षर असतं, त्यावर बोट ठेवा. आत ‘ऑटोपे’ असं लिहिलेलं सापडेल. ते उघडलं की कुणाकुणाला परवानगी दिली आहे, किती रकमेची, पुढची तारीख कोणती, हे सगळं दिसतं. नको असेल त्यावर जाऊन रद्द करा, पिन विचारेल तो टाका. इथे पिन पैसे देण्यासाठी नाही, थांबवण्यासाठी आहे, घाबरू नका. आणि पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश येतो, पण जाहिरातींच्या गर्दीत आपण तो न वाचताच पुसून टाकतो. ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हे शब्द दिसले की थांबा, मुलीला वाचून दाखवायला सांगा.

आत घेताना दार सताड उघडं आणि बाहेर पडायची वाट लपवलेली, अशी रचना मुद्दाम करणं हा गैरप्रकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं जाहीर करून ‘सदस्यत्वाचा सापळा’ त्यात धरला आहे. त्यामुळे पैसे गेले तर ‘आपलीच चूक’ म्हणून गप्प बसू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोला. केबल आणि डिशच्या तक्रारीही आधी कंपनीकडे नोंदवा, दाद लागली नाही तर इथे सांगा.

शेवटी, ज्यांना दरमहाचं झंझटच नको त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. ती २००४ पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, साधारण दोन हजारांच्या आत बसतो. महिन्याला ३०० भरणाऱ्या घरात सात महिन्यांत तो खर्च फिटतो. सह्याद्री दिसतं, बातम्या, सिनेमे, डीडी किसान दिसतं. मोठ्या कंपन्यांच्या गाजलेल्या मराठी मालिका मात्र तिथे मिळतीलच असं नाही. फ्री डिशवर फुकट दाखवलेलं चॅनेल सगळीकडेच फुकट द्यावं लागेल, असा नियम आहे, मग त्या तिथे कशाला येतील? चॅनेलांची यादीही बदलत राहते. म्हणून घेण्याआधी शेजारच्या एखाद्या घरी तासभर बसून काय काय लागतं ते बघून या. आणि बसवणाऱ्याने ‘फ्री डिशचं महिन्याचं रिचार्ज’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तिला रिचार्ज नसतंच.