सामना पडद्यावर, धडधड पबमध्ये

२८ ऑक्टोबर २०२३ची रात्र. पॅरिसजवळच्या स्टेड द फ्रान्स मैदानावर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना संपायला सात-आठ मिनिटे उरलेली. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे पिवळे कार्ड मिळाल्याने बाहेर बसलेला. एरवी मैदानावर धडका घेणाऱ्या या गड्याला आता काहीच करता येत नव्हते आणि समोर चाललेले बघवतही नव्हते. त्याने जर्सी डोक्यावर ओढून तोंड झाकून घेतले.

त्या क्षणी लंडनमधल्या पबमध्ये ग्लास हातात धरून दाटीवाटीने उभ्या असलेल्यांची अवस्था काही निराळी नव्हती. या शहरात दोन्ही देशांचे लोक भरपूर. तिथल्या वेळेनुसार सामना रात्री आठला सुरू झाला, तोही शनिवारी. म्हणजे पाय ठेवायला जागा मिळणे कठीणच.

रग्बीत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ५ गुण, त्यानंतरच्या किकचे २ आणि पेनल्टी किकचे ३. हाँद्रे पोलार्डच्या चार पेनल्टींनी आफ्रिकेचे १२ गुण मध्यंतरापूर्वीच झाले होते. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्डामुळे पहिल्या सत्रातच बाहेर गेला, तरी उरलेले चौदा जण झुंजत राहिले. ५८व्या मिनिटाला त्यांनी ११ गुण गाठले, पण पुढची २ गुणांची किक हुकली. तिथून शेवटपर्यंत, म्हणजे बावीस मिनिटे, गुणफलक हलला नाही. त्यात आफ्रिकेने उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामनाही एकेका गुणानेच जिंकला होता. त्यांच्या पाठीराख्यांची ही तिसरी परीक्षा.

अशा वेळी मेंदू शरीराला जो इशारा देतो, तो संकट समोर आल्यावर देतो तसाच असतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, तळहात घामेजतात. धावणाऱ्या खेळाडूच्या स्नायूंना या वाढीव रक्ताची गरज असते. प्रेक्षक मात्र जागच्या जागी उभा असतो आणि निकाल त्याच्या हातात अजिबात नसतो. कॅनडात माँट्रियलच्या संशोधकांनी आइस हॉकी पाहणाऱ्या २० जणांची नाडी मोजली. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. टीव्हीवर सामना पाहताना नाडी सरासरी ७५ टक्के वाढली, तर मैदानात बसून पाहताना ११० टक्के. पब या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसत असावा: पडदा टीव्हीचा, गर्दी मैदानाची.

निरोगी हृदय हे निमूटपणे सोसते. पण रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साठले असतील, तर अचानक चढलेल्या रक्तदाबाने असा थर फाटू शकतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. २००६च्या फुटबॉल विश्वचषकाच्या काळात म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी याची मोजदाद केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्या, पुरुषांत ३.२६ पट, स्त्रियांत १.८२ पट. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांतल्या होत्या. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना जर्मनीने पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला, तरी त्या दिवशीही रुग्ण वाढले. म्हणजे पराभवाच्या दुःखापेक्षा ताणलेली दोरी अधिक घातक. अभ्यास फुटबॉलचा असला तरी हृदयाला चेंडूचा आकार कळत नाही.

घरच्या सोफ्यावर नसलेल्या काही गोष्टी पबमध्ये असतात. पहिली अर्थात बिअर. ब्रिटनमधला पाइंट ५६८ मिलिलिटरचा. चार टक्के अल्कोहोलचे असे सहा पाइंट म्हणजे तिथल्या आरोग्ययंत्रणेने सांगितलेली आठवड्याची कमाल मर्यादा. अंतिम सामन्याच्या रात्री ती गाठणे मुळीच अवघड नाही. एकाच बैठकीत भरपूर पिणाऱ्यांत हृदयाची लय बिघडते. सुट्ट्यांनंतर असे रुग्ण येत म्हणून डॉक्टरांनी १९७८ मध्ये या प्रकाराला ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव दिले.

दुसरी गोष्ट गोंगाट. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले. शंभर माणसे एका खोलीत असे करू लागली की आवाज फक्त चढतच जातो. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतात, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. रग्बीचा सामना ८० मिनिटांचा. ओरडताना तोंडातून सूक्ष्म थेंबही जास्त उडतात, त्यामुळे बंद खिडक्यांच्या खोलीत एकाचा फ्लू अनेकांना मिळतो.

मग घरीच का बसू नये? कारण गर्दीचा गुणही आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की एकट्याने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा एका तालात, संघाने वल्ही मारणाऱ्यांची वेदना सोसण्याची ताकद अधिक वाढते. मेंदूत एन्डॉर्फिन अधिक स्रवत असल्याची ही खूण. एका सुरात गाणाऱ्या, एकाच वेळी उसळणाऱ्या पबमध्येही असेच काहीसे घडत असावे. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडणे एरवी लंडनमध्ये खपत नाही.

खरी अडचण ओळखण्याची आहे. घाम, धडधड, छातीत कसेसे होणे ही हृदयविकाराची लक्षणे. पण त्या शेवटच्या मिनिटांत ती पबमधल्या प्रत्येकाला होती. छातीवरचे दडपण जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे सरकत असेल, मळमळत असेल आणि बाहेरच्या मोकळ्या हवेत बसूनही पाच-दहा मिनिटांत उतरत नसेल, तर ते सामन्याचे नव्हे. ब्रिटनमध्ये तेव्हा ९९९, भारतात १०८ किंवा ११२ फिरवायचा. प्रत्यक्षात होते असे, की त्याच वेळी पडद्यावर कुणीतरी पेनल्टी घ्यायला उभा असतो आणि छाती चोळणारा पन्नाशीचा गृहस्थ म्हणतो, ‘एवढी किक होऊ दे.’ शेजारच्याने खरे तर तेव्हा पडद्याकडची नजर काढून त्याच्याकडे वळवायला हवी.