जयपूरचं ऊन आणि खिशातला कॅमेरा

जयपूरच्या गजेंद्र श्रोत्रिय यांचा ‘भोभर’ हा राजस्थानी चित्रपट २०१२ मध्ये आला, मुंबईच्या मुख्य धारेबाहेरून. अशा निर्मितीला डिजिटल साधनांनी बळ दिलं. ३५ मिलिमीटर फिल्मचं हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. मेमरी कार्ड पुसून पुन्हा वापरता येतं. आता तर मोबाइलवरही चित्रीकरण होतं. अडचण येते उन्हाची.

सेकंदाला २४ चौकटी टिपताना प्रत्येक चौकटीला साधारण १/५० सेकंद प्रकाश मिळाला, तर हलती वस्तू किंचित पुसट उमटते आणि हालचाल सलग वाटते. पण मोबाइलच्या भिंगाचं छिद्र मोठं आणि बहुधा कायमचं ठरलेलं. भर दुपारी जयपूरच्या जौहरी बाजारात एवढा वेळ दिला, तर चित्र पांढरंफटक पडेल. म्हणून फोन स्वतःच तो वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागापर्यंत घटवतो. चौकट रेखीव येते, चाल मात्र तुटक दिसते.

उपाय स्वस्त आहे: भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे रंग फारसा न बदलता प्रकाश कमी करणारी करडी काच. प्रकाश ६४ पट घटवणारी काच लावा आणि कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये शटर, म्हणजे चौकटीला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० सेकंदावर पक्कं करा. उन्हाची दिशाही पाहा: जयपूरच्याच हवामहलचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख आहे. तो सकाळीच टिपा.