जीप उंच केली, पण शॉकअप तेच!

वार्षिकांकासाठी लेख मागायला सर वर्गात आले, तेव्हा कुणी कवितेचे नाव सांगितले, कुणी प्रवासवर्णनाचे. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, “सर, मोटारीच्या शॉकअॅब्सॉर्बरवर लिहू का?” वर्गात हशा पिकला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, तर्कशास्त्राच्या तासाला जांभया देणारा मुलगा शॉकअॅब्सॉर्बरवर काय लिहिणार? सर मात्र हसले नाहीत. “अनुभवाचे असेल तर लिही,” एवढेच म्हणाले. अनुभवाचे आहे, म्हणूनच लिहितो आहे. त्या अनुभवाची किंमत माझ्या आजीच्या उजव्या मनगटाने मोजली आहे.

आम्ही राहतो खारघरला. गाव मात्र कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता म्हणजे ओढ्याचेच दुसरे रूप! आजीला डोळे दाखवायला महिन्याकाठी शहरात आणावे लागते. म्हणून दादाने एक जुनी महिंद्रा जीप घेतली, एम.एम. ५४०. १९४१ साली अमेरिकन सैन्यात दाखल झालेल्या विलीज जीपची ही नातच म्हणायची. त्या जीपची जुळणी महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली आणि तिचा वंश आपल्याकडे वाढला. मागेपुढे सरळ अॅक्सल, चारी चाकांवर पाटे, असा तिचा साधा सांगाडा.

वाटेतले दगड जीपच्या पोटाला घासत, म्हणून दादाने ती दोन इंच उंच करून घेतली. जास्त कमान असलेले नवे पाटे टाकले, एक पान वाढवले. गॅरेजवाल्याने विचारले, “शॉकअप बदलायचे?” दादाने माझ्याकडे पाहिले. मी दुकानात टांगलेले लालभडक शॉकअप पाहून म्हणालो, “हे छान दिसतात!” ते मूळ मापाचेच होते, फक्त रंग नवा. दादाने घेतले. वाचकहो, माझ्या शास्त्रीय निवडीची पद्धत ही अशी होती!

श्रावणात आजीला घेऊन उतरत होतो. दोन खड्ड्यांवर मागून “खट्” असा आवाज आला. तिसऱ्याला मागच्या डाव्या शॉकअपची वरची पिन ब्रॅकेटसकट उखडली. जीपची शेपटी बेडकासारखी उड्या मारू लागली आणि दादाने आवरेपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या चरात. वेग कमी होता म्हणून निभावले. पण आजीचे मनगट मोडले. ती मात्र म्हणाली, “पोरांनो, तुम्हाला लागलं नाही ना?” त्या वाक्याने आम्हाला जे लागले, ते अजून बरे झालेले नाही.

मग शोध सुरू झाला. आमच्या इमारतीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमनकाका राहतात. त्यांनी जीपखाली सतरंजी टाकून आमची शिकवणी घेतली. त्यांनी शिकवले तेच पुढे मांडतो.

पहिला प्रश्न: शॉकअॅब्सॉर्बर करतो काय? आपला समज असा की तो गाडीचे वजन पेलतो. काका म्हणाले, “साफ चूक! वजन पेलतो तो पाटा.” खड्डा आला की पाटा दबतो, धक्का पोटात साठवतो आणि लगेच परत देतो. नुसत्या पाट्यावरची गाडी म्हणून एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झुलत राहते. तो झोका जिरवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा. दट्ट्या वरखाली होताना तेल त्या अरुंद वाटेने ढकलले जाते, त्याला श्रम पडतात आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच. चारांपैकी एकच गार राहिला तर तो मेला असे समजावे! (हात मात्र बेताने लावावा.)

दुसरा प्रश्न लांबीचा, आणि आमचे घोडे इथेच पेंड खात होते. काकांनी मोजपट्टी काढली. शॉकअपचे वरचे टोक सांगाड्याला, खालचे अॅक्सलला. त्या दोन टोकांतले अंतर तीन स्थितींत मोजायचे: गाडी सपाटीवर उभी असताना, चाक पूर्ण वर दाबले जाऊन अॅक्सल रबरी ठोकळ्याला टेकते तेव्हा, आणि चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा.

आमच्या जीपचे मागचे आकडे देतो. मूळ शॉकअप पूर्ण मिटलेला १२.५ इंच, पूर्ण उघडलेला २० इंच. म्हणजे चाल ७.५ इंच. उंच करण्यापूर्वी उभ्या गाडीत टोकांतले अंतर १६.५ इंच होते. चाक खाली जायला शॉकअपमध्ये ३.५ इंच शिल्लक. वर ठोकळ्याला टेकताना अंतर १३.२५ इंच, म्हणजे शॉकअप मिटण्याआधी पाऊण इंच राखून ठोकळा धक्का झेलतो. कारखान्याने सगळे नीट जमवलेले.

आता गाडी दोन इंच उंच झाली. उभ्या स्थितीतले अंतर १८.५ इंच. शॉकअप तोच, २० इंचाला संपणारा. खाली जायला उरले अवघे दीड इंच! नवा पाटा मात्र चार इंच खाली लोंबू पाहतो. म्हणजे खड्ड्यात चाक उतरले की दीड इंचावर शॉकअप ताणून संपणार आणि अॅक्सलचे सगळे ओझे त्या बिचाऱ्या पिनेला टांगणार. आमचा “खट्” तो हाच. शॉकअपचे काम आवरण्याचे. आम्ही त्याची साखळी केली होती.

“मग लांबच घेऊ!” दादा उत्साहाने म्हणाला. बाजारात त्याने एक पाहूनही ठेवला होता: उघडलेला २५ इंच, मिटलेला १५. काका हसले. “गाडी उंच केल्याने ठोकळ्याला टेकतानाचे अंतर बदलले का?” आम्ही विचारात पडलो. ठोकळा सांगाड्यावर जिथे होता तिथेच आहे, पिनाही तिथेच आहेत. ते अंतर अजूनही १३.२५ इंचच! १५ इंचांवर मिटून घट्ट होणारा शॉकअप तिथवर जाणार कसा? मोठ्या खड्ड्यात तो ठोकळ्याच्या आधीच आपटणार. दांडा वाकेल, नाहीतर पुन्हा ब्रॅकेट जाईल. आखूड शॉकअप ताणून मरतो, लांब शॉकअप आपटून मरतो, हे आम्हाला सतरंजीवर बसून कळले.

यावर तोड काय? शॉकअपच्या लांबीत चालीखेरीज काही भाग मुका असतो: तळ, टोपण, टोकाच्या कड्या. आमच्या शॉकअपमध्ये हा भाग ५ इंच. चाल वाढवली की मिटलेली लांबीही तेवढीच वाढणार. लोंबत्या चाकाला हवेत २२.५ इंच (१८.५ अधिक ४). वर अर्धा इंच राखीव धरून उघडलेला शॉकअप २३ इंचांचा हवा. म्हणजे चाल ९ आणि मिटलेला १४ इंच. पण ठोकळ्याचे अंतर १३.२५! म्हणून ठोकळ्याखाली दीड इंचाचा तुकडा बसवून तो खाली आणायचा. आता अॅक्सल टेकते १४.७५ इंचांवर, आणि शॉकअपला पाऊण इंच राखीव मिळतो, मूळच्याइतकाच. चाकाला वर जायला ३.७५ इंच उरतात, म्हणजे पूर्वीच्या ३.२५ पेक्षा जास्तच. गणित सुटले तेव्हा दादाने चक्क टाळी दिली! शॉकअप तिरका बसवला असेल तर मात्र चाकाच्या दोन इंचांना तो पुरे दोन इंच चालत नाही. उभ्या रेषेशी ३० अंशांचा कल असेल तर सुमारे १.७ इंच चालतो. म्हणून मापे हिशोबाने काढण्यापेक्षा जॅक लावून प्रत्यक्ष घ्यावीत.

तिसरा प्रश्न: नरम की कडक? चाक वर जाताना आणि परत खाली येताना शॉकअपचा विरोध सारखा नसतो. बहुधा परतताना तो जास्त ठेवतात, कारण साठवलेला धक्का पाटा तेव्हाच फेकून देत असतो. पाटे कडक झाले, चाके जड झाली, तर हा विरोधही वाढायला हवा. पण फार कडक करणेही वाईट. लागोपाठ खळगे आले तर पहिल्यातून चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा येतो. गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यांवरच चालू लागते. साधी परीक्षा अशी: बॉनेटचा कोपरा दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर बरे. झुलत राहिली तर शॉकअप दुबळा.

चौथा प्रश्न प्रकाराचा. एक दुहेरी नळीचा: आतल्या नळीत दट्ट्या चालतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल व थोडी हवा. खडबडीत रस्त्यावर फार वेळ चालवले तर हवा तेलात मिसळून फेस होतो आणि फेसात दट्ट्याला विरोध कसला? म्हणून हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. दुसरा एकेरी नळीचा. १९५० च्या दशकात द कार्बों या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा प्रकार पुढे आणला. त्यात जास्त दाबाचा वायू एका तरंगत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवतात. फेस होत नाही, आणि नळी एकच असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते. वेगाने दूर जाणाऱ्यांना हा उत्तम. पण त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला तर आतला दट्ट्याच अडकतो. शिवाय वायूची खोली त्याच नळीत असल्याने तो लांबीही जास्त मागतो. आमची वाट दगडांची, वेग बैलगाडीचा, लांबीची अडचण आधीचीच. आम्ही कमी दाबाच्या वायूचा दुहेरी नळीचा घेतला. रंग करडा होता. मी काही बोललो नाही.

एक गोष्ट मित्रांसाठी. २०२० सालापासूनच्या थारला पाटे नाहीत, चारी बाजूंना गुंडाळी स्प्रिंगा आहेत आणि पुढचा शॉकअप स्प्रिंगच्या पोटातच बसतो. तिथे आमचे आकडे चालणार नाहीत. तीन स्थितींत मापण्याचा नियम मात्र चालेल. तसेच गाडी उंच केली की ब्रेकचा होज पुरतो का, प्रॉपेलर शाफ्टचा कोन किती वाढला, स्टिअरिंग भरकटते का, हेही पाहावे. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर उलटण्याचा धोका वाढतो, तो कोणताही शॉकअप पुरता घालवत नाही.

दिवाळीत आजीला पुन्हा त्याच वाटेने आणले. “खट्” ऐकू आले नाही. आजी दांडा धरून बसली होती, डाव्या हाताने.

पण लेख इथे संपवला तर तो अर्धाच खरा ठरेल. सगळे झाल्यावर काकांनी विचारले, “आर.सी. बुकातल्या नोंदीचे काय केलेत?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. जो प्रश्न सर्वांत आधी विचारायचा, तो आम्ही सर्वांत शेवटी ऐकला. दादाने परिवहन कार्यालयात लेखी विचारणा केली आहे. उत्तर येईपर्यंत जीप उभी आहे, आजी भाड्याच्या गाडीने येते, आणि उत्तर नकाराचे आले तर बसवायला जुने पाटे व जुने ठोकळे तेल लावून माळ्यावर ठेवले आहेत.

तेव्हा मित्रहो, कुणी गाडी उंच करायला निघालाच, तर आधी कायदा विचारा, मग मोजपट्टी काढा, मग दुकानात जा. आणि दुकानात माझ्यासारखा कुणी “हे छान दिसतात” म्हणाला, तर त्याला बाहेर उभे करा.