विद्यापीठाचा पाठ अंकांच्या रूपात

म्हैसूर शहराच्या जुन्या भागात अग्रहार नावाची एक वस्ती आहे. विद्वानांनी अध्ययन-अध्यापनात काल घालवावा या हेतूने राजे लोक ज्या भूमी इनाम देत, त्यांना पूर्वी अग्रहार म्हणत. दख्खनच्या जुन्या ताम्रपटांतूनही हा शब्द आढळतो. अशा ठिकाणी विद्येचा पल्ला गुरूच्या आवाजाइतकाच असे. याच शहरात, १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री या आवारात, शैक्षणिक बहुमाध्यम संशोधन केंद्र नावाची एक संस्था आहे. तिचे काम नेमके उलट आहे : जो विद्यार्थी शिक्षकाला कधीही भेटणार नाही, त्याच्यासाठी पाठ तयार करणे.

या उद्योगाचा आरंभ आपल्या देशात दूरचित्रवाणीपासून झाला. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. त्यांच्या निर्मितीसाठी जी केंद्रे उभी राहिली, त्यांत पुणे विद्यापीठाचे केंद्र अगदी आरंभीचे होय. पुढे १९९३ साली या केंद्रांच्या कार्याची सांगड घालणारी एक मध्यवर्ती संस्था दिल्लीत स्थापन झाली. त्या प्रक्षेपणात एक उणीव होती. कार्यक्रम ठरलेल्या वेळी येई आणि निघून जाई. ज्याचा तो हुकला, त्याचा हुकला. शंका विचारण्याची तर सोयच नव्हती.

संगणकाने ही अडचण दूर केली. पण ती कशी, हे समजण्यासाठी डिजिटल म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. चित्राचे बारीक ठिपक्यांत विभाजन करावयाचे आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन संख्यांनी सांगावयाचा, ही मूळ कल्पना. आडव्या ओळीत ६४० ठिपके व अशा ४८० ओळी धरल्या, तर एका चित्रास ९,२१,६०० संख्या लागतात. हलते चित्र दिसण्यासाठी सेकंदाला अशी २५ चित्रे हवीत. म्हणजे दर सेकंदाला दोन कोटी तीस लाखांहून अधिक संख्या! एवढा भार खेड्यातील तारेवरून वाहून नेणे अशक्य. म्हणून एक युक्ती योजतात. एका चित्रानंतरचे दुसरे चित्र बहुतांशी पहिल्यासारखेच असते. तेव्हा सगळे चित्र पुन्हा न पाठवता केवळ बदललेला भाग पाठवावयाचा.

या युक्तीचा परिणाम थेट अध्यापनावर होतो. ज्या पाठात छायाकाराचा कॅमेरा सारखा फिरतो, पडद्यामागे शोभेची दृश्ये हलत राहतात, तो पाठ जड होतो आणि दुबळ्या जोडणीवर अडखळतो. ज्यात आकृती स्थिर असून तिच्यात एकेक रेषा वाढत जाते, तो हलका राहतो. आणि शिकणाऱ्यालाही तोच अधिक सोपा वाटतो. नटवेपणाचा खर्च येथे विद्यार्थ्याच्या खिशातून होत असतो, हे निर्मात्यांच्या ध्यानी अनेकदा राहत नाही.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘स्वयम्’ ही व्यवस्था सुरू केली. तीत प्रत्येक पाठाची चार अंगे सांगितली आहेत : ध्वनिचित्रपाठ, वाचनासाठी मजकूर, शंकासमाधानासाठी चर्चा, आणि स्वाध्याय. वर्गात उभे राहून दिलेले व्याख्यान तसेच्या तसे चित्रित केले म्हणजे पाठ झाला, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती चूक होय. वर्गात शिक्षक विद्यार्थ्यांचे चेहरे पाहून थांबतो, पुन्हा सांगतो. पडद्यावरील शिक्षकाला तो आधार नसतो. उरलेली तीन अंगे त्याची उणीव भरून काढतात. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला या मार्गाने पुरे करण्याची मुभा देता येते. तेव्हा पाठ कच्चा राहिला, तर विद्यार्थ्याची पदवीच कच्ची राहील.

आणखी एक प्रश्न भाषेचा. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. संगणकावरील मुक्त प्रणाली शिकवणारे हे पाठ सुमारे दहा मिनिटांचे असतात. विद्यार्थी पडद्याच्या एका भागात पाठ पाहतो व दुसऱ्या भागात तीच कृती स्वतः करतो. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच राहतात, कारण नोकरीत त्याला तीच भेटणार. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. चित्र आधीच तयार असते. मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या वेळेतच बसवावे लागते. त्यात आपले क्रियापद शेवटी येते. ‘ही खूण दाबा’ यात काही बिघडत नाही, उलट नजर आधी खुणेकडे जाते. परंतु ‘ही खूण दाबू नका’ या वाक्यातील निषेध सर्वांत शेवटी कानी पडतो आणि तोवर उतावळ्या विद्यार्थ्याने खूण दाबलेली असते! अशा जागी ‘थांबा’ हा शब्द आधी घालून मग वाक्य सुरू करणे श्रेयस्कर.

असे दोष कागदावर दिसत नाहीत. म्हणून या प्रकल्पात पाठाची संहिता विषयतज्ज्ञाने तपासली, तरी ध्वनिमुद्रणापूर्वी ती एखाद्या नवशिक्याच्याही हाती देतात. तो संगणकापुढे बसतो, एकेक वाक्य वाचून त्याप्रमाणे कृती करतो आणि जेथे अडतो, तेथील वाक्य पुन्हा लिहिले जाते.